पन्हळीखालची साखळी आणि मुंबईचा पाऊस

प्रश्न : आमचे गोराई गावात जुने बैठे घर आहे. पुढच्या पडवीवर मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर असून ते सुमारे ७ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. पडवीच्या कडेला गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पन्हळ आहे आणि तिचे पाणी एका टोकाला पीव्हीसी पाइपातून खाली येते. हा पाइप काढून त्या जागी, जिच्यावरून पाणी पेल्यापेल्यांतून खाली उतरते अशी तांब्याच्या पेल्यांची शोभेची साखळी टांगावी, असे माझ्या सुनेच्या मनात आहे. मुंबईच्या पावसात अशी साखळी टिकेल का, आणि लावायची झाल्यास ती कशी लावावी?
— एक वाचक, गोराई

उत्तर : साखळी अवश्य लावावी, परंतु पाइप काढू नये. ज्या जपानमधून ही पद्धत आली, तेथे देवळांच्या आणि चहागृहांच्या वळचणीला अशा साखळ्या पूर्वापार टांगल्या जातात आणि तेथेही पाऊस काही कमी पडत नाही; तरीही आपल्याकडे तासाभरात जेवढे पाणी कोसळते त्याचा हिशेब केल्याशिवाय केवळ छायाचित्र पाहून निर्णय घेणे योग्य होणार नाही.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते, आणि उतरत्या छपराच्या बाबतीत कौलांची तिरकी लांबी न धरता छपराखाली झाकली जाणारी सपाट जागा धरायची असते. आपण दिलेली मापे सपाट जागेची धरली, तर आपल्या पडवीची ही जागा २१ चौरस मीटर भरते. तासाला १० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडत असेल, तर साखळीवर मिनिटाला साडेतीन लिटर पाणी येईल आणि ते पेल्यापेल्यांतून अतिशय सुंदर उतरेल. तोच वेग तासाला ६० मिलिमीटर झाला, जो मुंबईच्या जुलैमध्ये अपूर्वाईचा नाही, की मिनिटाला २१ लिटर, म्हणजे एक मोठी बादलीभर पाणी त्या एका भोकातून पडू लागेल; त्या वेळी पेले ओसंडतील, पाणी साखळी सोडून बाहेर फेकले जाईल आणि पडवीची भिंत व जोते भिजत राहील. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. तेवढा पाऊस आपल्या एवढ्याशा पडवीवर पडला, तर जवळजवळ वीस हजार लिटर पाणी होते. घराच्या मुख्य छपराचे पाणीही पडवीच्या कौलांवर उतरत असेल, तर तीही जागा या हिशेबात मिळवावी लागेल, आणि तसे असल्यास मुख्य छपराला आधी स्वतंत्र पन्हळ बसवून घ्यावी, असा माझा आग्रह राहील.

म्हणून रिमझिम आणि मध्यम पावसाचे पाणी साखळीने घ्यावे, मुसळधार पावसाचे जास्तीचे पाणी पाइपाने घ्यावे, अशी विभागणी करावी. त्यासाठी पन्हळीत सध्या जेथे पाइपाचे तोंड आहे, त्याच्या पलीकडे अगदी टोकाजवळ साखळीसाठी दुसरे भोक पाडावे आणि पन्हळीचा उतार त्या टोकापर्यंत नेऊन ठेवावा. दर ३ मीटरला ६ ते १२ मिलिमीटर एवढा उतार पुरेसा होतो. पाइपाच्या तोंडाला मात्र आतून एक कडे बसवून त्याची कड पन्हळीच्या तळापासून दोन-अडीच सेंटिमीटर उंच ठेवावी. असे केल्याने पाणी थोडे असताना ते या कड्याला वळसा घालून साखळीकडे जाते, आणि पन्हळ भरू लागली की वाढलेले पाणी आपोआप पाइपात उतरते. साखळीच्या भोकात निमुळते तोंड बसवले, तर धार पेल्याच्या बरोबर मध्यावर पडते आणि साखळीच्या वाट्याला येणारे पाणीही मर्यादेत राहते. हे काम पन्हळी बनवणाऱ्या पत्राकामाच्या कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण नुसते सिलिकॉन भरून चिकटवलेला सांधा मे महिन्याच्या उन्हात सुटण्याची भीती असते.

टांगण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. भोकावर एक आडवी सळई ठेवून तिला साखळी अडकवणे ही रूढ पद्धत आहे, पण त्यात साखळीचे आणि पेल्यांत साठलेल्या पाण्याचे सगळे वजन पातळ पत्र्यावर येते, शिवाय नैर्ऋत्येचा वारा तिला सतत हिसके देत असतो. सळई पन्हळीच्या ब्रॅकेटवर टेकवावी किंवा साखळीचा आकडा सरळ वाशात घट्ट बसवावा. साखळी भिंतीपासून आणि खिडकीच्या तावदानापासून निदान एक फूट दूर असावी, आणि तिचे खालचे टोक मोकळे न सोडता जमिनीत पक्क्या केलेल्या कडीला किंवा जड दगडाला बांधावे. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांची आठवण किनाऱ्यावरच्या लोकांना करून देण्याची गरज नाही. वादळाचा इशारा आला की साखळी काढून घरात ठेवता यावी, यासाठी वरचा आकडा सहज सुटणारा असावा.

आता धातूविषयी. तांबे खाऱ्या हवेत टिकते. आधी तपकिरी होते आणि पुढे काही वर्षांत त्यावर हिरवट पुट चढते, जे अनेकांना आवडते. अडचण आहे ती आपल्या गॅल्व्हनाइज्ड पन्हळीची. तांबे आणि जस्त एकमेकांना चिकटून ओले राहिले की जस्त झिजते आणि त्यामागोमाग पत्रा गंजतो, म्हणून साखळीचा वरचा आकडा आणि सळई स्टेनलेस स्टीलची घ्यावी व पन्हळीला जेथे स्पर्श होतो तेथे रबरी वायसर किंवा प्लॅस्टिकची नळी घालावी. समुद्राजवळ साध्या ३०४ दर्जाच्या स्टीलवर चहासारखे डाग पडतात. ३१६ दर्जाचे स्टील थोडे महाग असले तरी तेच घ्यावे. पाणी पन्हळीवरून तांब्याकडे जात असल्यामुळे वाहत्या पाण्याने आपल्या पन्हळीचे नुकसान होणार नाही. परंतु साखळीचे पाणी खाली एखाद्या पत्र्याच्या छपरीवर पडू देऊ नये, कारण तांब्यावरून आलेले पाणी त्या पत्र्यावरील जस्त खाते. फिकट रंगाच्या फरशीवरही त्याचे हिरवे डाग उमटतात. तयार साखळी महाग वाटल्यास पायधुणीच्या तांबाकाट्याच्या बाजारातून लहान पेले घेऊन तळाला भोके पाडून घेता येतील. मात्र ही भोके सर्व पेल्यांना सारखी आणि बरोबर मध्यावर असली पाहिजेत.

साखळीच्या पायाशी काय ठेवायचे, याला साखळीइतकेच महत्त्व आहे. जुने घंगाळ किंवा दगडी डोणी तेथे शोभून दिसेल, पण तिच्या तळाला भोक हवे. स्वच्छ, साचलेल्या पाण्यात एडिस डास अंडी घालतो आणि आपल्या हवामानात साधारण आठवड्या-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. डेंग्यूचे निमंत्रण दारातच ठेवण्याइतकी कोणतीही शोभा मोलाची नाही. भांड्याखाली खडी भरलेला खड्डा घ्यावा आणि त्यातून जोत्यापासून दूर, उताराच्या दिशेने पाणी पर्जन्यजलाच्या चरापर्यंत जाईल असा पाइप टाकावा. नुसत्या खड्ड्यावर विसंबू नये, कारण ऐन जुलैमध्ये जमीन आधीच पाण्याने भरलेली असते. हे पाणी सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडू नये.

मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास येतो, तेव्हा मेच्या मध्यापर्यंत काम उरकून, पन्हळीत नळी सोडून आधी बारीक आणि मग पूर्ण धारेने पाणी वाहवून पाहावे. पाइपात पाणी कोणत्या क्षणी उतरू लागते, हे शिडीवर चढून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कारागिराचा हिशेब पुरा करू नये. पावसाळाभर दर आठवड्याला भोकावरची जाळी साफ करावी. आंब्याचे एक पानही ती बंद करायला पुरेसे असते.

प्रश्न : बोरिवलीतील सोसायटीत आमचे घर चौथ्या मजल्यावर आहे. वर गच्ची आहे. गच्चीचे पाणी आमच्या बाल्कनीजवळच्या पाइपातून खाली जाते. तो पाइप गळतो, म्हणून तो काढून तेथे अशी साखळी लावता येईल का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. संपूर्ण गच्चीचे पाणी साखळीच्या आवाक्यातले नाही, आणि चार मजल्यांच्या उंचीवरून वाऱ्याने उडालेले पाणी खालच्या प्रत्येक घराच्या खिडकीत जाईल. शिवाय इमारतीच्या बाहेरच्या भिंती आणि पर्जन्यजलाचे पाइप ही सर्व सभासदांची सामाईक मालमत्ता असते, तेव्हा तेथे स्वतःहून बदल करता येत नाही. गळतीची तक्रार व्यवस्थापक समितीकडे लेखी द्यावी, सोबत ओल आलेल्या भिंतीची छायाचित्रे जोडावीत आणि पाइपाचे सांधे पावसापूर्वी बदलण्याची मागणी करावी. हौस म्हणून साखळी हवीच असेल, तर बाल्कनीच्या आतल्या बाजूला, छतापासून कुंडीपर्यंत लहानशी साखळी टांगून झाडांना घालायचे पाणी तिच्यावरून सोडता येईल. कुंडीच्या तळाचे भोक मोकळे आहे आणि पाणी खालच्या बाल्कनीत ठिबकत नाही, एवढे मात्र पाहावे.