वाचकांचे प्रश्न : शब्द ऐकू येतो, पण कोशात सापडत नाही

प्रश्न : मी नाशिकला बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचताना-लिहिताना अक्षरांचा गोंधळ होतो. तोंडी परीक्षा चांगली जाते, पण ‘न्यूमोनिया’ शब्दकोशात सापडत नाही. वर्डमध्ये शब्दाखाली चुकीची लाल रेघ नसतानाही मॅडम स्पेलिंगची चूक काढतात. काय वापरू?
– विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : कोश उघडायला पहिले अक्षर माहीत लागते, आणि न्यूमोनियातले पहिले अक्षर ‘पी’ उच्चारात येतच नाही. म्हणून तुमचा कोश उच्चारावर रचा. गूगल शीटमध्ये चार रकाने करा : देवनागरीत उच्चार, इंग्रजी स्पेलिंग, तुकड्यांचा अर्थ आणि ज्याच्याशी गोंधळ होतो तो शब्द. वॉर्डात शब्द जसा ऐकला तसा देवनागरीत टिपा. स्पेलिंग पाठ्यपुस्तकातूनच उतरवा. पुढे शोधताना मराठी कीबोर्डचा माइक दाबून शब्द बोललात तरी पुरते. रोज पाच शब्द भरपूर झाले.

तुकड्यांचा रकाना टाळू नका. कोलेसिस्टेक्टॉमी म्हणजे ‘कोले’ पित्त, ‘सिस्ट’ पिशवी, ‘एक्टॉमी’ कापून काढणे. ‘एक्टॉमी’ एकदा हातात बसली की हिस्टरेक्टॉमीचे (गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे) शेपूट वेगळे पाठ करावे लागत नाही.

आता लाल रेघ. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग इथे जा आणि ‘इग्नोअर वर्ड्स इन अपरकेस’ची खूण काढा. औषधांची नावे आपण कॅपिटलमध्ये लिहितो आणि ती खूण असेपर्यंत वर्ड ती तपासतच नाही. तिथेच ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये स्पेलचेकरच्या सूचना आपोआप लावणारी खूणही काढा, नाहीतर औषधाचे नाव तुमच्या नकळत बदलू शकते. ‘अ‍ॅड टू डिक्शनरी’ दाबण्याआधी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चुकीचे स्पेलिंग एकदा आत गेले की वर्ड ते बरोबरच धरतो. मग कस्टम डिक्शनरीजमधल्या ‘एडिट वर्ड लिस्ट’मधून ते काढावे लागते.

एक चूक मात्र कोणताही स्पेलचेकर पकडत नाही : चुकीच्या जागी आलेला बरोबर शब्द. हायड्रॅलझिन रक्तदाबाचे, हायड्रॉक्सिझिन खाजेचे. दोन्ही स्पेलिंगे शुद्धच. रिव्ह्यू टॅबमधले ‘रीड अलाउड’ वेग कमी करून ऐकलेत तर हा फरक कानाला कळतो. पण इलियमला कानही फसतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचे हाड, दोघांचाही उच्चार एकच. मधले अक्षर आतड्यात ‘ई’, हाडात ‘आय’. ‘ईटिंग’चा ‘ई’ आतड्याचा, एवढे लक्षात ठेवा.

वॉर्डातल्या औषध-चार्टवर यातले काहीही चालवू नका. नाव पट्टीवरून किंवा अँप्यूलवरून (इंजेक्शनच्या काचेच्या कुपीवरून) अक्षरागणिक उतरवा आणि सिस्टरांना वाचून दाखवा. रुग्णाचे नाव तुमच्या शीटमध्ये कधीच नको.

प्रश्न : माझा मुलगाही नर्सिंगला आहे आणि त्यालाही डिस्लेक्सिया आहे. लेखी परीक्षेत त्याला सवलत मिळेल का?
– पालक, सिन्नर

उत्तर : २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, आणि डिस्लेक्सिया त्यातच मोडतो. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास तासामागे किमान २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, ठरवला होता; सध्याचा नियम महाविद्यालयात विचारून घ्या. प्रमाणपत्र जोडून महाविद्यालयामार्फत म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे अर्ज करा. परीक्षेचा फॉर्म भरतानाच विचारा, हॉलतिकीट येईपर्यंत थांबू नका. लेखनिक मिळाला तर औषधांची नावे अक्षर सुटे करून सांगायचा सराव आधी घरी करून घ्या. तो झाला नसेल तर जादा वेळ त्यातच जातो.