लॅपटॉपच्या पोर्टवर व्हेप चालेल का?

प्रश्न : मी इंग्लंडात स्लाऊला राहतो. माझ्या व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, बॅटरी म्हातारी झालीय. ती काढून व्हेप लॅपटॉपच्या यूएसबीवर थेट चालवता येईल का? कॉइल (आतली तापणारी तार) १.२ ओहमची आहे. – एक वाचक

उत्तर : नाही हो, नका करू. बॅटरी ३.७ व्होल्टची धरली तर तुमची कॉइल ३ अँपिअरच्या वर, म्हणजे साधारण ११ वॅट ओढते. जुना यूएसबी २ पोर्ट देतो ०.५ अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. निळ्या जिभेचा यूएसबी ३ झाला तरी साडेचार. त्यात पोर्टचे ५ व्होल्ट थेट जोडलेत, की तीच कॉइल ४ अँपिअरच्या पुढे मागणार. टाइप-सी पोर्टसुद्धा ५ व्होल्टला फार तर ३ अँपिअर देतो, तोही प्रत्येक लॅपटॉपवर नाही.

मी एकदा चहाचा कप गरम ठेवायची चकती अशीच लावली होती. चहा कोमटच राहिला. वर पडद्यावर ‘पॉवर सर्ज’ची पाटी आली आणि शेजारच्या पोर्टवरचा माउसही गप्प झाला. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला तेव्हा कुठे जिवंत झाला! दर वेळी नशीब इतकं साथ देईलच असं नाही.

चार्जिंगपुरता मात्र पोर्ट चालतो, कारण तेव्हा वीज सावकाश बॅटरीत जाते. झुरक्याचा भार बॅटरी उचलते. तेव्हा बॅटरीच बदला, आणि फुगली असेल तर आजच. आणि हो, सुट्टीत पुण्याला येताना हे यंत्र तिकडेच ठेवा. आपल्याकडे २०१९पासून ई-सिगारेटच्या आयात-विक्रीवर बंदी आहे.