सगळं पाठ आहे, तरी परीक्षेत चुकतं

नर्सिंगची पदवी चांगल्या गुणांनी मिळवलेली एक मुलगी माझ्याकडे आली, ती एनक्लेक्सला नापास होऊन. अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करायचं तर ही परवाना परीक्षा द्यावीच लागते. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) ती म्हणाली, "मॅडम, सगळं पाठ आहे हो माझं. पण शेवटी दोन पर्याय उरले की हमखास चुकीचाच निवडते. माझी कुवतच नाही का?"

फार्मसीची, लॅबची मुलंही हेच विचारतात. कुवतीचं बोलण्याआधी मी अभ्यास कसा केला ते बघते. तिच्या नोट्स सुरेख होत्या, अनेकदा वाचून झालेल्या. सराव प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवलेले. "आधी पोर्शन व्हायला हवा ना!"

पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं म्हणजे येतंच असं आपण धरून चालतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुढे तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि लक्षात राहील असा भरवसा जास्त होता तो वाचणाऱ्यांनाच! मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग रोज थोडे प्रश्न आणि चुकांची एक वही, असं ठरलं. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: माहीत नव्हतं, घाईत वाचलं, की माहीत असून क्रम चुकला? तिच्या बहुतेक चुका तिसऱ्या प्रकारच्या निघाल्या. आधी कोणत्या रुग्णाकडे जाल, असं विचारलं की ती शस्त्रक्रियेनंतर वेदनेने कळवळणाऱ्याकडे जायची. अचानक अस्वस्थ होऊन बरळू लागलेला रुग्ण राहून जायचा. ऑक्सिजन कमी पडल्याचं ते लक्षण असू शकतं, हे तिला पाठ होतं. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रमही पाठ होता. प्रश्नात तो लावायची सवय तेवढी नव्हती.

दुसरी गोष्ट भीतीची. ८५ प्रश्नांनंतरही परीक्षा संपेना, तेव्हा "गेलं सगळं" म्हणून तिने पुढची उत्तरं घाईघाईत उरकली होती. ही परीक्षा कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्नांची असते, ८५ च्या पुढे गेली म्हणजे नापास असं नाही. तुमच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न असा निवडतो, की तो बरोबर येण्याची शक्यता साधारण निम्मी असावी. म्हणजे उत्तीर्ण होणाऱ्यालाही अडखळल्यासारखंच वाटतं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

नर्सिंग असिस्टंटच्या रात्रपाळ्यांमुळे झोपेचेही हाल होते. त्या तिने विनंती करून कमी करून घेतल्या. सगळ्यांना ते जमतं असं नाही. भीतीने झोप आणि जेवण दोन्ही सुटलं असेल, तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते, अभ्यासाचं नंतर बघते.

४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं, म्हणून तिला लगेच तारीख घ्यायची होती. वहीतल्या तिसऱ्या प्रकारच्या चुका कमी होईपर्यंत मी तिला थांबवलं. फार लांबवूही दिलं नाही, कारण पदवीनंतर जितके महिने जातात तितका विषय हातून सुटत जातो. दुसऱ्यांदा ती उत्तीर्ण झाली, आणि त्याही वेळी प्रश्न ८५ च्या पुढे गेले होते.