पंप खिशात ठेवायचा की दप्तराच्या तळाशी?

"पंपाची (इनहेलरची) सवय लागली तर?" दमा असलेल्या मुलांचे आईवडील माझ्यासमोर बसले की हा प्रश्न येतोच. डॉक्टरांनी समजावलेलं असतं, तरी येतो. नाही लागत सवय. रोजच्या पंपातलं औषध श्वासनलिकांची आतली सूज उतरवतं, मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ते थेट फुफ्फुसात जातं. पण मुलं पंप टाळतात ते सवयीच्या भीतीने नव्हे.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला दहावीतला एक मुलगा, फुटबॉलवेडा. आई वैतागलेली. "मॅडम, पंप दप्तराच्या तळाला घालतोय. रात्री धाप लागली की पळापळ आमची." आईंना बाहेर बसवून त्याला विचारलं, "खेळताना दम लागला तर काय करतोस?"

"बुटाची लेस बांधतो. बसायला मिळतं."

"आणि निळा पंप? दम लागल्यावर घ्यायचा तो?"

"पोरं म्हातारा म्हणतील."

मी उपदेश केला नाही. मुलाचा आजार आईच्या ताब्यात असेल तोवर तो औषध चुकवणारच, हे माझं ठाम मत. एवढंच म्हटलं, लेस केव्हा केव्हा सुटते ते मोबाईलमध्ये लिहून ठेव. त्याने लिहिलं: मैदानातली धूळ, सर्दी, मामाच्या गावचं गुऱ्हाळ, पाचट पेटवल्याचा धूर. मग एक दिवस खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, रोजचा पंप चुकला की त्या आठवड्यात लेस लई सुटतीया."

हेच वाक्य मी ऐकवलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि विसरला असता. स्वतः शोधलेलं कारण मूल सोडत नाही. निळा पंप तेवढ्यापुरता श्वास मोकळा करतो, सूज मात्र रोजचाच उतरवतो, हे मग एका वाक्यात कळलं. (काहींना दोन्हींसाठी एकच पंप देतात, ते डॉक्टर ठरवतील.)

बाकीचं सोपं होतं. पंप हलवून, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) लावून घ्यायचा, रोजच्या पंपानंतर चूळ भरायची. खेळाआधी अंग गरम करायचं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर 10-15 मिनिटं आधी निळा पंप. कोचना आणि एका मित्राला सांगून ठेवायचं. निळा आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला किंवा रात्री जाग आली, तर डॉक्टरांना दाखवायचं. धापेमुळे वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळसर पडले, तर निळा पंप घेत घेत तडक दवाखाना.

"मग मी विचारायचंच नाही का?" आईंनी विचारलं. विचारा की. पण रोज दारात अडवून नको. रविवारी दोघांनी मिळून पंपावरचा उरलेल्या मात्रांचा आकडा बघा. आणि आकडा मोठ्याने त्यालाच वाचू दे.