देवयानी आकाशात, अँड्रोमेडा चित्रात

प्रश्न असा आला आहे: सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार टिशियन याच्या पर्सियस–अँड्रोमेडा या ग्रीक कथेवरच्या चित्राखाली मराठीत 'ययातीने केलेली देवयानीची सुटका' असं छापलं तर चालेल का? आकाशाच्या नकाशात हीच नावं असतात ना?

नकाशात असतात, हे खरं. पर्सियस म्हणजे ययाती, अँड्रोमेडा देवयानी, कॅसिओपिया शर्मिष्ठा, सेफियस वृषपर्वा. ऑगस्टमधला उल्कावर्षाव आपण 'ययाती'चा म्हणतो आणि एम ३१ या दीर्घिकेला देवयानी दीर्घिका. पण ही तारकासमूहांची पर्यायी नावं आहेत, ग्रीक पात्रांची भाषांतरं नव्हेत. चित्राखाली ती चालणार नाहीत.

ज्याने कोणी ही नावं बसवली त्याला दाद द्यायला हवी, कारण जोडणी वरवरची नाही. महाभारताच्या आदिपर्वात वाऱ्याने वस्त्रांची सरमिसळ होते, शर्मिष्ठा देवयानीचं वस्त्र नेसते, भांडण पेटतं आणि ती देवयानीला विहिरीत ढकलून निघून जाते. शिकारीला आलेला, तहानलेला ययाती उजवा हात धरून तिला वर काढतो. पुढे देवयानी त्याच हाताचा दाखला देऊन त्याला वरते. तिकडे ग्रीक कथेत कॅसिओपियाने सौंदर्याची फुशारकी मारल्यामुळे तिच्या मुलीला, अँड्रोमेडाला, सागरी राक्षसाच्या तोंडी देण्यासाठी समुद्रकाठच्या खडकाला जखडतात. पर्सियस आधी आईबापांकडून लग्नाचा शब्द घेतो आणि मग तलवार उपसतो. संकटात सापडलेली मुलगी, तिला सोडवणारा वीर, शेवटी लग्न आणि मुळाशी एका गर्विष्ठ बाईची करणी, एवढं जुळतं.

नाती मात्र साफ विस्कटतात. सेफियस आणि कॅसिओपिया हे नवरा-बायको, तर वृषपर्वा आणि शर्मिष्ठा बाप-लेक. कॅसिओपिया अँड्रोमेडाची आई आहे, शर्मिष्ठा मात्र देवयानीची मैत्रीण आणि पुढे सवत. आकाशात ताऱ्यांना नाती नसतात, तिथे हे खपून जातं. चित्राखाली 'देवयानी' वाचलं की मराठी वाचकाला शुक्राचार्यांची लेक आठवणार आणि तो चित्रात विहीर शोधत बसणार.

आता 'सुटका'. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधलं हे चित्र टिशियनने १५५४ ते १५५६ च्या सुमारास स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी रंगवलं. डावीकडे अँड्रोमेडा, एक हात वर आणि एक खाली, साखळीने खडकाला बांधलेली. उजवीकडे पर्सियस डोकं खाली, पाय वर असा आकाशातून कोसळतो आहे आणि त्याच्या खाली राक्षस जबडा वासून आहे. लढाई अजून चालू आहे, सुटका व्हायचीच आहे. 'सुटका करताना' ही ओळ फ्लेमिश चित्रकार रुबेन्सच्या, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातल्या, १६२२ च्या सुमाराच्या चित्राला शोभेल, कारण तिथे राक्षस मरून पडला आहे. शिवाय रुबेन्सने सोबत पंखांचा घोडा दिला आहे. टिशियन ही कथा सांगणाऱ्या रोमन कवी ओव्हिडला धरून चालतो, त्याचा पर्सियस पंखांच्या पादत्राणांवर उडतो. म्हणून 'घोड्यावरून आलेला वीर' असं वर्णन सरसकट चिकटवू नका.

'उद्धार' हा शब्द कोणी सुचवला तर नको म्हणा. अहल्योद्धारामुळे त्याला पापमुक्तीचा वास लागला आहे, आणि अँड्रोमेडाचा गुन्हा काहीच नव्हता. गंमत म्हणजे उद् + हृ, वर उचलणं, हा मूळ अर्थ घेतला तर तो विहिरीतून काढलेल्या देवयानीलाच तंतोतंत लागू पडतो.

राक्षसाला 'देवमासा' म्हणू नये. चित्रातलं जनावर कुठल्याच माशासारखं नाही. सीटस तारकासमूहाला आपण तिमिंगल म्हणतो, म्हणजे तिमी नावाच्या महामत्स्यालाही गिळणारा. शब्द देखणा आहे, पण चित्राखाली 'सागरी राक्षस' पुरे. 'बेड्या'ही नकोत, साखळदंड म्हणा. बेडी म्हटली की मनगटावरचं कुलूप आणि मागे उभा हवालदार दिसतो.

विभक्तीचं थोडक्यात. सीता–सीतेची या चालीवर 'अँड्रोमेडेची' करता येतं, पण परक्या विशेषनामांना आपण सहसा सामान्यरूप करत नाही: मारियाची, तशी अँड्रोमेडाची. 'पर्सियसने' लिहा, 'पर्सियसाने' नको. अँड्रोमेडा की अँड्रोमिडा यावर वेळ घालवू नका, लेखभर एकच ठेवा.

ओळ अशी करता येईल: 'पर्सियस आणि अँड्रोमेडा. साखळदंडांनी जखडलेल्या अँड्रोमेडासाठी सागरी राक्षसावर झेपावणारा पर्सियस. टिशियन, सुमारे १५५४–५६.' देवयानीचा उल्लेख करायचाच असेल तर पुढच्या वाक्यात: 'आकाशाच्या मराठी नकाशात याच जोडीला ययाती आणि देवयानी म्हणतात.'