दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर फिजिओथेरपिस्टने रुग्णांवर कपिंग सुरू करावे का?

बी.पी.टी. (फिजिओथेरपीची पदवी) झाल्यावर कपिंगची, म्हणजे त्वचेवर कप लावून ती हवेच्या ओढीने वर खेचण्याच्या उपचाराची, दोन दिवसांची कार्यशाळा पुरेशी आहे का, असे आपण विचारले आहे. कप लावण्याचे तंत्र तेवढ्या वेळात हाताला बसते. कोणाला कप लावू नये हे ओळखायला मात्र वेळ लागतो, आणि खरा धोका तिथेच असतो.

सुरुवात हातपंपाच्या पारदर्शक कपांनी, कोरड्या (त्वचेला छेद न देणाऱ्या) कपिंगपासूनच करावी. ज्योतीने कपातली हवा तापवून ओढ निर्माण करण्याच्या कपिंगमध्ये भाजण्याची जोखीम विनाकारण वाढते. त्वचेला छेद देऊन रक्त काढण्याचा हिजामा हा युनानी चिकित्सेतला प्रकार आहे. त्याच्या वाटेला आपण जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाठदुखीसाठी आलेल्या साठीतल्या गृहस्थांना औषधांविषयी विचारले, तर ते बहुधा ‘बीपीची एक गोळी’ एवढेच सांगतात आणि अँजिओप्लास्टीनंतर चालू असलेले क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणारे औषध सांगायचे राहून जाते. म्हणून मी गोळ्यांची पाकिटेच मागवून पाहतो. रक्त पातळ करणारी औषधे, रक्तस्रावाचे विकार, पोटरीतील शिरेत गुठळी झाल्याची शंका, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने पातळ झालेली त्वचा, यांपैकी काहीही आढळल्यास कप बाजूला ठेवावेत. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या भागावरही ते लावू नयेत, कारण ओढ जास्त झाली तरी तिथे रुग्णाला ती कळत नाही.

पहिला कप स्वतःच्या मांडीवर लावून पाहावा. पंपाच्या एक-दोन ओढींतच त्वचा घुमटासारखी वर येते, आणि नवख्याचा हात नेमका तिथे थांबत नाही. रुग्णाच्या पहिल्या वेळी तीन ते पाच मिनिटे पुरेत. सावळ्या त्वचेवर लाली उशिरा लक्षात येते, त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये, अधूनमधून विचारत राहावे. कप काढताना तो उपटू नये. झडप उचलून आधी हवा आत जाऊ द्यावी. फोड आला असेल, तर ओढ किंवा वेळ जास्त झाला असे समजावे. डाग आठ-दहा दिवस राहू शकतात, हे आधीच सांगून लेखी संमती घ्यावी आणि ते पुरते जाईपर्यंत त्याच जागी पुन्हा कप लावू नये.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवरचे गोल डाग जगाने पाहिले, तेव्हापासून कपिंगची मागणी वाढली. पुरावा मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. मान आणि कंबरदुखीत थोड्या काळाचा आराम दिसतो, तोही फारशा भक्कम नसलेल्या अभ्यासांतून. त्यामुळे मी कपिंग व्यायामाच्या जोडीलाच वापरतो, आणि कार्यशाळा निवडताना कोणत्या रुग्णांना नकार द्यावा हे त्यात किती वेळ शिकवतात, हे आधी विचारावे असे सुचवतो.