तासाला सव्वादहा डॉलर

ताई, तुमचा प्रश्न परवा वाचला आणि याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवून टाकलं. दोन रात्री तो डोक्यातून जाईना, म्हणून शेवटी लिहायला बसले आहे. लांबेल, आधीच सांगते.

तुम्ही नाशिकला शाळेत गणित शिकवता, पीआर (कॅनडात कायम राहायची परवानगी) झाली आहे, मे अखेरीला इकडे मिसिसॉगाला येताय, सोबत दहावी झालेली मुलगी. इथला शिक्षकाचा परवाना हातात येईपर्यंत उन्हाळ्यात एखाद्या कपड्यांच्या दुकानात काम धरावं का, मुलीनंही धरावं का, असं विचारलंत. आणि शेवटी कंसात लिहिलंत, ‘इकडे कळलं तर कसं दिसेल?’ सिन नंबर (नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक), बँक, हेल्थ कार्ड हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, ते तिथंच वाचा. मला त्या कंसाबद्दल बोलायचं आहे.

मीही गणिताचीच. सांगलीत अकरा वर्षं शिकवलं आणि २०१० च्या एप्रिलमध्ये आम्ही इथं आलो. नवऱ्याला एजन्सीमार्फत एका गोदामात रात्रपाळी मिळाली होती, मुलगा अकरा वर्षांचा, आणि आणलेले पैसे भाड्यात असे चालले होते की मी वहीत हिशेब मांडायचंच सोडलं. गणिताच्या बाईनं! नवीन आलेल्यांना नोकरी शोधायला मदत करणारं एक केंद्र होतं, तिथं रेझ्युमे घेऊन गेले. तिथल्या बाईंनी तो वाचला, पेन्सिल उचलली आणि माझ्या एम.एस्सी.वर आणि बी.एड.वर हलकेच काट मारली. एवढं शिकलेलं दिसलं तर दुकानवाले बोलावत नाहीत, म्हणाल्या. मी घरी येऊन ते खरंच काढून टाकलं. अकरा वर्षांच्या जागी ‘कस्टमर सर्व्हिस’ असं लिहिलं. आठवडाभरात मॉलमधल्या एका दुकानातून फोन आला.

तासाला १०.२५ डॉलर. त्या वर्षी ३१ मार्चपासून आपल्या या प्रांताचं, ऑन्टारिओचं, किमान वेतन तेवढं झालं होतं. शाळेत शिकणाऱ्या, अठराच्या आतल्या मुलांना ९.६०. म्हणजे माझ्या शेजारी उभ्या राहून टी-शर्टच्या घड्या घालणाऱ्या पोरींपेक्षा मला तासाला पासष्ट सेंट जास्त. माझं वय अडतीस, सुपरवायझरचं एकोणीस.

काम अवघड नाही, पण अंगात मुरायला वेळ लागतो. हँगरचे हुक सगळे एकाच दिशेला हवेत. टेबलावरच्या चळतीत लहान साइझ वर, मोठी खाली. घडीसाठी प्लॅस्टिकची एक पाटी मिळते, शर्ट पालथा घालायचा, पाटी मधोमध ठेवायची, बाह्या आत, खालचा भाग वर, पाटी ओढून घ्यायची. तुम्ही शेवटची घडी घालता तेवढ्यात कुणीतरी येऊन तळातला मीडियम उपसतं आणि चळत कोसळते. फिटिंग रूममध्ये लोक जे कपडे टाकून जातात त्यांना गो-बॅक म्हणतात. शनिवारी संध्याकाळी त्यांचा ढीग कमरेएवढा असायचा, काहींवर लिपस्टिकचे डाग, काहींच्या बाह्या उलट्या. दुकान बंद झाल्यावर ते सगळं जागच्या जागी लावायचं, त्याला रिकव्हरी. पाय संध्याकाळी असे सुजायचे की बसमधून उतरताना दांडा धरावा लागे.

दोन गोष्टी तुम्हाला कुणी सांगणार नाही. इथं सलग पाच तासांच्या वर काम झालं की अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी द्यावीच लागते. म्हणून आमच्या दुकानात शिफ्ट बरोबर पाच तासांची लागायची. आणि वेळापत्रकात काही दिवसांपुढे ‘ऑन कॉल’ असं लिहिलेलं असायचं. त्या दिवशी आपणच दुकानात फोन करायचा, येऊ का म्हणून विचारायचं. ‘आज नको’ म्हणाले की दिवस गेला. तयार होऊन, डबा भरून, फोन हातात घेऊन बसलेली मी, हे चित्र मला अजून आवडत नाही.

त्याच उन्हाळ्यात, १ जुलैला, एचएसटी हा एकत्रित विक्रीकर आला. आधी केंद्राचा पाच टक्के जीएसटी आणि प्रांताचा आठ टक्के पीएसटी वेगळे लागत, आता एकत्र तेरा टक्के. मोठ्यांच्या कपड्यांवर एका सेंटचा फरक पडला नव्हता, पण पावतीवर नवीन अक्षरं दिसल्याबरोबर माणसं आमच्यावर भडकायची. पाच आणि आठ तेराच होतात हे मी एका गृहस्थांना बोटांवर मोजून दाखवलं, आणि सुपरवायझरकडून बोलणी खाल्ली. मुलांच्या कपड्यांना मात्र त्यातले आठ टक्के माफ आहेत, मुलींच्या सोळा नंबरपर्यंत. अंगानं बारीक बायका मुलींच्या विभागात का घुटमळतात ते मला तिथं कळलं. पुढं गल्ल्यावरही बसवलं. इथं दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्या नाण्यापेक्षा लहान असतं, हे लक्षात ठेवा, पहिल्या दिवशी मी त्यातच अडकले होते.

आता खरी गोष्ट.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सांगलीच्या कापडपेठेत एका साडीच्या दुकानात नोकरीला होते. मालक नव्हे, नोकर. चौतीस वर्षं त्या पांढऱ्या गादीवर साड्या उलगडल्या आणि घातल्या. घरी आल्यावर गुडघे चोळत सांगायचे, आज भवानीच दुपारी झाली, किंवा आज लग्नाचा बस्ता होता, चाळीस साड्या काढायला लावल्या आणि दोन घेतल्या. त्या पगारावर मला एम.एस्सी. केलं. ‘तुला गिऱ्हाइकापुढं उभं राहायला लागू नये,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. आता तुम्हीच सांगा, मी त्यांना काय म्हणून फोन करणार होते?

घरी सांगितलं, ऑफिसात लागले. सासरी तेच, माहेरी तेच. कुठलं ऑफिस, कुणी विचारलं नाही.

आणि गंमत बघा, मला काम येत होतं ते अण्णांमुळंच. एक बाई जॅकेट हातात घेऊन घुटमळत होत्या. अण्णा म्हणायचे, कापड खांद्यावर पडलं की निम्मं विकलं. मी मागून जाऊन ते जॅकेट त्यांच्या खांद्यावर टाकलं, जसं अण्णा पदर टाकायचे. बाई दचकून दोन पावलं मागं सरल्या. एकोणीस वर्षांच्या सुपरवायझरनं मला बाजूला घेऊन, अगदी गोड आवाजात, गिऱ्हाइकाला हात लावायचा नसतो हे समजावून सांगितलं. मी मान डोलावली. फिटिंग रूममध्ये गो-बॅक गोळा करायच्या निमित्तानं पाच मिनिटं घालवली आणि बाहेर आले. माझ्या लेखी त्या उन्हाळ्यातला सगळ्यात वाईट दिवस तो, ऑन कॉलवालेही नव्हेत.

मुलाला कुठं ठेवायचं हा प्रश्न होताच. नवरा दिवसा झोपलेला. मग पोरगं मॉलच्या फूड कोर्टमध्ये लायब्ररीचं पुस्तक घेऊन बसायचं, माझी शिफ्ट संपेपर्यंत. एकदा त्याच्या वर्गातला एक मुलगा आईबरोबर तिथं आला. ‘तू एकटाच?’ असं त्या बाईंनी विचारलं तर हा म्हणाला, आई शॉपिंग करतेय. मला त्यानंच रात्री हसत सांगितलं. मी त्याला असं बोलायला शिकवलं नव्हतं. पण घरातले फोन तो ऐकत होता.

परवान्याच्या कागदांचं सांगते, कारण ती आग अजून विझलेली नाही. लग्नात ताम्हनातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवीन नाव लिहिलं गेलं. म्हणजे पदवीवर एक नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर दुसरं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. तिन्ही शब्द वेगळे. इथल्या माणसाला या दोघी एकच बाई आहेत हे कसं पटावं? प्रतिज्ञापत्र पाठवलं, लग्नाचा दाखला पाठवला, त्याचं इंग्रजी भाषांतर पाठवलं. गुणपत्रकं तर विद्यापीठाकडून थेट, सीलबंद पाकिटात यायला हवीत. माझे मेहुणे विद्यापीठाच्या त्या खिडकीवर पाच वेळा गेले. चौथ्या वेळी कारकुनानं पाकीट त्यांच्याच हातात दिलं, ‘टाका तुम्हीच पोस्टात,’ म्हणून, आणि पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारायला विसरला. ते इथून परत. अठरा महिने गेले त्यात. आणि दुकानाच्या बिल्ल्यावर माझ्या नावाची पहिली दोनच अक्षरं होती, कारण पूर्ण नाव म्हणायला जड जातं. तेव्हा ताई, राजपत्रातला नावबदल असेल तर त्याच्या साक्षांकित प्रती, आणि विद्यापीठातली पाकिटं, हे नाशिक सोडण्याआधी उरका. तिथून निघाल्यावर तुमच्यासाठी खिडकीवर उभं राहणारं माणूस दरवेळी भेटेलच असं नाही.

मुलीच्या शाळेचं. माझा मुलगा आठवीत असताना नववीच्या विषयांचा फॉर्म घरी आला. गणिताच्या दोन शाखा होत्या, अ‍ॅकॅडेमिक आणि अप्लाइड. शिक्षकांनी अप्लाइडवर खूण केली होती. मला वाटलं, अप्लाइड मॅथेमॅटिक्स, वा, उपयोजित गणित, हे तर वरचं. मी सही केली. ती खालची वाट होती, विद्यापीठाच्या गणितापासून लांब नेणारी. गणिताच्या शिक्षिकेनं स्वतःच्या मुलाला सही करून त्या वाटेवर घातलं, आणि तो मुलगा गप्प आहे म्हणून त्याला गणित येत नाही, असं ठरवणाऱ्यांनी मला एक फोनसुद्धा केला नाही. पुढच्या उन्हाळ्यात, २०१४ मध्ये, त्याला अ‍ॅकॅडेमिकमध्ये परत आणणाऱ्या ट्रान्सफर कोर्सला बसवलं. आता नववीत ती विभागणी राहिलेली नाही, पण अकरावीत अजून आहे. तुमची मुलगी तिथंच येणार. विषयाच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा. ‘यू’ म्हणजे विद्यापीठ, ‘सी’ म्हणजे कॉलेज, आणि कॉलेज म्हणजे आपलं कॉलेज नव्हे, इथं ते व्यावसायिक शिक्षणाचं. गणितात एमसीआर३यू मागा. शाळेतली बाई हसून ‘आधी रुळू दे तिला’ म्हणेल. रुळू देऊ नका. हे जरा जास्तच कडक लिहिलं गेलं, पण राहू दे.

मुलीच्या नोकरीबद्दल मला शंका नाही. दुकानात काम करायला इथं चौदा वर्षं पुरेशी आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरपासून विद्यार्थ्यांचं किमान वेतन १६.६० आहे, बाकीच्यांचं १७.६०. पण शाळा जूनच्या शेवटी सुटते आणि विद्यापीठातली मुलं एप्रिलअखेरीलाच मोकळी होऊन जागा पटकावतात. तुम्ही मेअखेरीला येणार, म्हणजे या वर्षी तिला जागा मिळाली नाही तर तिचं काही चुकलं असं समजू नका. ऑगस्टमध्ये शाळेच्या खरेदीच्या गर्दीला थोडी माणसं घेतात, तेव्हा पुन्हा विचारा. आणखी एक, बारावीनंतरचा शाळेचा डिप्लोमा मिळायला चाळीस तास समाजसेवा लागते, त्यात पगाराचे तास धरतात का ते शाळेतच विचारा. बऱ्याच जणांचा इथं घोटाळा होतो.

एकटेपणाबद्दलही विचारलंत. असतो. नोव्हेंबरात जास्त असतो. व्हिटॅमिन डी घ्या, गणपतीला मंडळात जा.

माझ्या मुलानं २०१५ च्या उन्हाळ्यात कपड्यांच्या दुकानात काम केलं. दुसऱ्या मॉलमध्ये, पण तशीच पाटी, तसेच गो-बॅक. पगार १०.३०, माझ्यापेक्षा पाच सेंट जास्त. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं मला जिंकल्यासारखी टाळी दिली. त्यानं ती नोकरी कुणापासून लपवली नाही. पहिल्या पगाराच्या रविवारी स्काइपवर अण्णांना ओरडून सांगितलं, आजोबा, मी कपड्याच्या दुकानात लागलो!

मी लॅपटॉपच्या मागं उभी होते, कॅमेऱ्यात दिसत नव्हते. त्याआधी तीन वर्षं, सांगलीला गेले होते तेव्हा, अण्णांचे धुतलेले शर्ट मी पलंगावर बसून घड्या घालत होते. बोलता बोलता हात आपोआप चालले, पालथा, बाह्या आत, खालून वर. अण्णा बघत होते. ‘हे कुठं शिकलीस गं?’ मी म्हटलं, यूट्यूबवर. ते काही बोलले नाहीत. एक शर्ट उचलून त्यांनी घडीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला.

स्काइपवर अण्णा खूश झाले. तुमच्याकडं भवानी किती वाजता होते, पगार आठवड्यानं की महिन्यानं, उभं किती वेळ राहावं लागतं, सगळं विचारलं. मग म्हणाले, ‘घडी नीट घालता येते का तुला?’ मुलगा म्हणाला, शिकतोय. तर म्हणाले, ‘आईला विचार. तिला येते.’

त्यांना किती माहीत होतं, मी आजवर विचारलेलं नाही. आता ते सत्त्याऐंशीचे आहेत, ऐकू फार कमी येतं. फोनवर एकेक वाक्य दोनदा, मोठ्यानं सांगावं लागतं. गोळ्या घेतल्या का, दोनदा. जेवलात का, दोनदा. ही गोष्ट तशी ओरडून सांगायची म्हटलं की माझा आवाज फुटत नाही.

तर काम जरूर धरा. रेझ्युमेतलं बी.एड. काढायचं की ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि बूट नाशिकहूनच घेऊन या, काळे, जाड तळव्याचे, अर्धा नंबर मोठे. संध्याकाळच्या पायाला होतील असे घ्या, सकाळच्या नव्हे.